ओले टाके

बसमध्ये चढून तिने दांडा धरला न धरला तोच समोरच्या सीटवरचे गृहस्थ ताडकन उठले आणि म्हणाले, "बसा ताई, बसा. अशा दिवसांत उभं राहू नये." तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणी तशी बाई असेल तर अंग चोरून वाट द्यावी म्हणून. मागे काखोटीला छत्री मारलेले एक म्हातारबुवा होते. त्यांना दिवस गेले असण्याची शक्यता कमी होती. म्हणजे ही सीट आपल्यालाच. तिने 'अहो, नाही हो' म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात बसने गचका दिला, कमरेतून ती ओळखीची कळ निघाली, आणि कुठेही लढण्यापेक्षा बसलेलं बरं म्हणून ती बसली. बसली ती बसलीच. शेजारी मांडीवर डबा घेतलेली एक भरल्या अंगाची बाई होती. तिने आधी तिच्या पोटाकडे, मग तोंडाकडे, मग पुन्हा पोटाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कितवा?" आता इथे माणसाने खरं सांगावं. पण रोज बारा जणांना बारा गोष्टी समजावून सांगणारं माणूस तेराव्याला काय समजावणार? तिच्या तोंडून निघून गेलं, "सहावा." "दिसत नाही हं फारसं," बाई म्हणाली, "मुलगा असणार." आणि हा विषय जणू आपण दोघींनी मिळून मार्गी लावला अशा समाधानाने खिडकीबाहेर बघू लागली.

तेव्हा तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. उजवा हात बेंबीच्या खाली धरलेला होता. टेकवलेला नव्हे, धरलेला. इस्त्री तापली का बघताना आपण तळवा धरतो तसा, एका बोटाचं अंतर राखून. हा हात तिथे कधी गेला? तिने तो उचलून पिशवीवर ठेवला. दोन थांबे गेले आणि पाहते तर हात पुन्हा तिथे. पाळलेल्या मांजराला टेबलावरून खाली ठेवावं आणि ते दुसऱ्या बाजूने चढून पुन्हा तिथेच येऊन बसावं, तसा. म्हणजे रस्त्याने, दुकानात, कामावर, सगळीकडे आपण अशाच चालतो की काय? जराशा वाकून, पोटावर हात धरून? आणि हे सगळ्या जगाला माहीत आहे, फक्त आपल्याला नाही? तिला आधी लाज वाटली आणि मग, तिची नेहमीची तऱ्हा, लाजेचा लगेच संताप झाला. त्या उठलेल्या गृहस्थांवर, डब्याच्या बाईवर, बसवर, हातावर.

मुलगी होऊन दीड वर्ष झालं होतं. सिझर. कळा सुरू होऊन अडलं, आणि मग सगळ्यांची एकदम घाई. छातीपाशी एक हिरवा पडदा लावला होता आणि पडद्यापलीकडचं अंग जणू दुसऱ्या कुणाचं होतं. दुखत नव्हतं. पण कुणीतरी घाईत पर्समध्ये किल्ल्या शोधाव्यात तशी आत उलथापालथ चालली होती, ती कळत होती. एक डॉक्टर दुसरीला विचारत होत्या, सुट्टी मिळाली का गं तुला. ती त्या हिरव्या पडद्याच्या काठाकडे बघत होती. टीप वाकडी होती. एका जागी तर दोरा सुटून लोंबत होता, आणि तिला त्या क्षणी, तशा अवस्थेत, तो दोरा तोडावासा वाटला होता. मग कातरीचा आवाज. तिला तो आवाज कुठेही ओळखू आला असता. रोज आठ-दहा तास तीच कातर हातात असते. पडद्यापलीकडून तो आला तेव्हा तिच्या मनात आलं ते एवढंच, की पातं टोकापर्यंत मिटवू नका हो, टोकाशी कापड कुरतडतं. यातलं कुणाला काय सांगणार? सगळे म्हणाले, तुझं बरं झालं बाई, कळा नाहीत की काही नाहीत, झोपून मूल मिळालं. जणू काउंटरवर पावती दाखवली आणि पार्सल हातात आलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला आलेली नर्स म्हणाली, "टाके ओले आहेत. हात लावू नका." तिने नाही लावला. आंघोळ करताना नुसतं पाणी सोडायची. टाके निघाले, खपली पडली, मुलगी पालथी पडायला लागली, बसायला लागली, चालायला लागली. हात लावू नका म्हणून सांगणारी आली होती. आता लावा म्हणून सांगायला कुणीच आलं नाही.

आणि दुखत होतं ते तिथे नव्हतंच, हा सगळ्यात मोठा वैताग. दुखत होती कंबर. वर हात केला की उजव्या कुशीतून खाली, माकडहाडापर्यंत कुणीतरी दोरी ओढल्यासारखं व्हायचं. पहिल्या डॉक्टरांनी पट्टा दिला. पट्टा बांधला की बसता येईना, सोडला की उभं राहता येईना. दुसरे म्हणाले वजन कमी करा. तिसरे म्हणाले अंगात काही राहिलं नाहीये तुमच्या, खात जा. चौथ्यांनी फोटो काढले, उजेडासमोर धरले, सगळं उत्तम आहे म्हणाले, आणि मग आवाज मऊ करून, "घरी काही ताण वगैरे?" ताण! घरी दीड वर्षाचं मूल आहे, नवरा इलेक्ट्रिशियन आहे आणि आमच्याच न्हाणीघरातला दिवा चार महिने लागत नाही. तुम्हीच सांगा, ताण का वगैरे? पण हे तिने मनात म्हटलं. डॉक्टरांसमोर ती फक्त पट्टा घट्ट करून उठली.

कामावर ती कटिंगला होती. शिवणकामाचा मोठा कारखाना. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, बँडवाल्यांचे कपडे तिथे शिवले जात. एका लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि सगळे थर एकदम कापायचे. बाई असून कटिंगला, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच सांगायची : हात पुरत नसला तर कापड आपल्याकडे ओढायचं नाही, आपण कापडाकडे जायचं, टेबलावर ओणवं व्हायचं, लाज धरायची नाही. कारण ओढलं की वरचे थर येतात आणि खालचे जागीच राहतात. वरून पाहावं तर रेघ सरळ, आणि खाली सगळा घोळ. हे तिनेच शिकवलेलं. आणि आता बसमधून उतरून ती कारखान्यात पोचली, तर शिलाईच्या रांगेतली मावशी, कारखान्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट, दोन कोट दोन हातांत धरून उभी.

"मास्तरीणबाई, हा एक बघा आणि हा एक बघा. वरच्या थराचा कोट राजाचा आणि खालच्या थराचा भिकाऱ्याचा? एक बाजू बोटभर आखूड आहे. मी ओढून ताणून जुळवला, तर हा बघा, गरोदर असल्यासारखा लोंबतोय."

"आज हा शब्द काढू नकोस मावशी," ती म्हणाली.

"का? परत आहे की काय?"

"मावशी!"

"बरं बाई. पण खालचे सगळे असेच आहेत. किती काळ झालं तू टेबलावर ओणवी झालेली मी पाहिली नाही. कापड ओढतेस. मला दिसतं इथून. मी बोलत नाही, पण दिसतं."

आतापर्यंत दिसत होतं आणि बोलत नव्हती! सगळ्यांना सगळं दिसत असतं; बोलायचं तेव्हा नको ते बोलतात. मालकीणबाईंनी कोट पाहिले. त्या आरडाओरडा करत नाहीत, हेच त्यांचं वाईट. म्हणाल्या, "हॉटेलवाल्यांना मी सांभाळते. पण पुन्हा असं झालं तर टेबलावर मला दुसरं माणूस बघावं लागेल. तू काज-बटणाला बस, तिथे वाकायला लागत नाही." काज-बटणाला! कातर धरायला तिला नऊ वर्षं लागली होती, आणि काज-बटणाला त्या बसतात ज्यांचे गुडघे गेले किंवा कंबर गेली. जेवणाच्या सुट्टीत मावशीने हातावर एक पत्ता लिहून दिला. "माझ्या भाचीचा खांदा हिने सोडवला. व्यायामवाली आहे. जा. आजवर तुझं दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय."

व्यायामवाली म्हणजे फिजिओथेरपिस्ट. तिच्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असावी. दप्तर विसरून शाळेत आलेल्या मुलीसारखी दिसायची. तिने कंबर पाहिलीच नाही. वर हात करा म्हणाली, मागे वाका म्हणाली, आणि मग विचारलं, "सिझर झालंय?" हो. "तिथे हात लागला तर दुखतं?" "माहीत नाही." "म्हणजे?" "म्हणजे लावला नाही." "कधीपासून?" तिने खोलीतल्या प्लास्टिकच्या सांगाड्याकडे पाहिलं. सांगाड्याने दात दाखवले. "काय काम करता?" व्यायामवालीने विचारलं, आणि कटिंग म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला, की हिने ओळखलं. आता ही आपल्याला आपल्याच भाषेत समजावणार. नवरा एकदा मान धरली म्हणून कुठल्याशा डॉक्टरकडे गेला होता, तर त्याला मेन लाइन नि फ्यूज ऐकवून पाठवलं होतं. घरी येऊन दोन दिवस हसत होता.

"हे बघा," व्यायामवाली म्हणाली, "कातडी, त्याखाली चरबी, खाली एक चिवट पडदा, मग स्नायू, मग आणखी एक पडदा. शास्त्रात संयोजी ऊती म्हणतात, मी पापुद्रे म्हणते. पापुद्रे एकमेकांवरून सरकायला हवेत. तुम्ही वाकता, वळता, हात वर करता, तेव्हा आत सरकतात म्हणून जमतं. कापल्यावर ते जुळून येताना एकमेकांना चिकटतात. मग शिवताना चुकून खालचं कापड शिलाईत यावं, तसं—"

"कळलं," ती म्हणाली. जरा जोरातच म्हणाली. "ओढतं तिथे नाही, चुणी पडते दुसरीकडे. कळलं मला. अस्तर टीपेत आलं की कोट पाठीत तिरका होतो."

"तेच. कंबर बिचारी पाठीतली चुणी आहे."

"मग उसवायचं?"

"उसवायचं नाही. सोडवायचं. बोटांनी. रोज थोडं थोडं, न कंटाळता. एका दिवसात होणार नाही. आणि ते मी नाही, तुम्ही करायचं. मी दाखवते, आधी तुमचा हात तिथे ठेवा."

हात गेला, आणि एका बोटाच्या अंतरावर थांबला. तिथेच थांबला. खाली जाईना. मागच्या भिंतीवरचा पंखा घुं घुं करत होता. व्यायामवालीने मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं, आणि तिच्या त्या समजूतदारपणाचा हिला एवढा राग आला की ही उठली, कपडे नीट केले, म्हणाली, "घरी करीन." रस्त्यावर आल्यावर सगळा वैताग उफाळून वर आला. टेबलावर थर सरकू नयेत तर सरकतात, आणि पोटात सरकायला हवेत तर सरकेनात! आणि ज्यांनी कापलं, त्यांनी शिवलं, त्यांनी सुट्टीच्या गप्पा मारल्या; आता सोडवायचं मात्र मी. घरातला दिवा मी सांगायचा, पोरीचे मोजे मी शोधायचे, आणि हेही मीच. परत बसमध्ये तीच डब्याची बाई. "उभ्या कशाला? सरका हो तुम्ही, यांना बसू द्या. गरोदर आहेत." ती बसली. काय करणार? एकदा सहावा म्हटलं की उद्या सातवा लागणारच होता.

रविवारी दुपारी सासूबाईंच्या मैत्रिणी आल्या होत्या. ती स्वयंपाकघरात कपबश्या काढत होती. वरच्या फळीवरच्या, म्हणजे स्टुलावर चढून, डाव्या हाताने. बाहेर नवऱ्याचा आवाज आला, लाडाचा, "ठकू, आई कशी चालते? दाखव आजीला, आई कशी चालते?" आणि मग हशा. मोठा, मोकळा हशा. ती दारापर्यंत आली. बैठकीच्या मधोमध तिची मुलगी, एक मोजा घातलेली, कमरेतून वाकून, उजवा चिमुकला हात पोटावर धरून चालत होती आणि दर पावलाला "उं… उं…" करत होती. "अगदी हुबेहूब!" एक मैत्रीण पदराने डोळे पुसत म्हणाली. सासूबाई हसत होत्या, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या मनात वाईट कधीच नसतं, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही. तिला पाहून नवरा म्हणाला, "बघितलंस का? किती दिवस शिकवतोय."

"शिकवतोयस?"

"म्हणजे शिकवायला काय लागतंय, आपसूकच येतं तिला. गंमत गं."

मैत्रिणी कपबश्यांकडे बघू लागल्या. तिने हातातल्या कपबश्या खाली ठेवल्या. खेळ संपला, टाळ्या वाजल्या, सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं. ठकू तिच्या खेळण्यातल्या गाडीकडे निघाली, आणि आता कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं, तरी ती तशीच निघाली. वाकून. हात पोटावर. उंबऱ्याशी ओणवी होऊन गाडी उचलायच्या ऐवजी तिने गाडीची दोरी धरली आणि गाडी आपल्याकडे ओढली.

हे मात्र कुणालाच दिसलं नाही. तिलाच दिसलं. चालायला कुणी कुणाला शिकवत नाही. मूल समोर जे चालतं ते उचलतं. आणि या पोरीच्या समोर, पाळण्यातून मान वर करायला लागल्यापासून, हेच चालत होतं. अंगावर एक चरा नाही, पोट रेशमासारखं. आणि तरी ही माझं दुखणं घालून हिंडतेय. माझं जुनं कापड अल्टर करून दिल्यासारखं. नवरा मागून आला. "रागावलीस? अगं, सांग ना काय झालं." ती म्हणाली, "न्हाणीघरातला दिवा लाव आधी." "आत्ता?" "आत्ता." तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, चार महिने न लागलेला दिवा त्याने पाहुण्यांदेखत लावला. ती आत गेली आणि तिने कडी लावली.

आरशासमोर नाही, फरशीवर बसली, भिंतीला टेकून. हात नेला. तो आपल्या जागेवर येऊन थांबला. "जा," ती त्याला म्हणाली, मोठ्याने, कारखान्यात नव्या मुलींना म्हणते तशी, "कापडाकडे जायचं." आणि गेला. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. म्हणजे बोटांना पोट कळलं, पण पोटाला बोटं कळली नाहीत. मधला पट्टा बधिर, दुसऱ्या कुणाच्या अंगाचा. रेघ तिला वाटली होती त्याहून लहान होती. एवढीशी! ती मनात एवढी मोठी झाली होती की आरपार दोन तुकडे केल्यासारखी, आणि ही पाकिटाच्या तोंडाएवढी. टीप मात्र सरळ होती. कुणी शिवली असेल ती असो, सुट्टीवाली की दुसरी, हात चांगला होता. तिने बोट टेकवून वर सरकवलं, सरकलं. खाली सरकवलं, सरकलं. उजवीकडे नेलं तर बोट अडलं. तिथे, खोल, काहीतरी घट्ट धरून बसलं होतं. आणि ते ढकलताच माकडहाडात ती कळ, तीच, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. तिच्या तोंडून हुंदका आला असता, पण आला तो चक्क एक शिवी होऊन. दीड वर्ष! पट्टा, गोळ्या, फोटो, ताण वगैरे. आणि हे इथे, हाताच्या अंतरावर. मग मात्र तिला रडू आलं, आणि रडताना पोट हललं, आणि हललं तेव्हा आणखी ओढलं. धड रडूही देत नव्हतं. बाहेरून दाराच्या फटीतून चार इवली बोटं आत आली आणि हलू लागली. "आई. आई. आई. आई." "आले," ती म्हणाली, "एक मिनिट तरी बसू दे गं, बये."

पुढचं सगळं कंटाळवाणं होतं, आणि कुणी विचारलं असतं तर तिने तसंच सांगितलं असतं. रोज संध्याकाळी सतरंजीवर आडवं व्हायचं, बोटांनी गोल, वर, खाली, आडवं. मग गुडघे पोटाशी. मग हात डोक्यावर नेऊन लांब श्वास. काही दिवस वाटे सुटतंय, काही दिवस वाटे आणखी घट्ट झालंय. व्यायामवाली म्हणे, "दुखेल तिथपर्यंत नाही, ओढेल तिथपर्यंत." हा फरक कळायलाच पंधरवडा गेला. सासूबाई सतरंजीशेजारून जाताना म्हणायच्या, आमच्या वेळी नव्हतं बाई हे असलं, आणि एक दिवस, तशाच जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "माझीही कंबर धरते गं. पहिल्यापासून. मला वाटलं, धरतेच." आणि निघून गेल्या. तिने बोलावलं तर आल्या नाहीत. ठकू मात्र रोज येई. शेजारी आडवी होई, फ्रॉक वर करी, आणि तोंड गंभीर करून स्वतःच्या गोल पोटावर बोटं फिरवी. कधी आईच्या, कधी स्वतःच्या. पहिल्यांदा ती परकी बोटं रेघेवर आली तेव्हा तिने श्वास धरला होता. पण ती बोटं कसली चिकट, त्यांना गूळ लागलेला! मग हसू आलं, आणि ते हसू कुठे न अडता खालपर्यंत गेलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की दीड वर्षात असं आपण हसलेलोच नव्हतो.

टेबलावर एका सकाळी कापड अंथरलेलं होतं, दवाखान्याचे गाऊन, आठ थर. पलीकडच्या कोपऱ्यात रेघ होती. तिने सवयीने कापडाला हात घातला, मग सोडला, आणि एक गुडघा फळीवर टेकून सबंध ओणवी झाली. ओढलं. ओढू दिलं. कातर टोकापर्यंत न मिटवता तिने वळण घेतलं. रांगेतून मावशी ओरडली, "मास्तरीणबाई, पाय सांभाळा, चप्पल पडेल!" मालकीणबाई संध्याकाळी सगळ्यात खालचा गाऊन उचलून वरच्यावर ठेवून बघताना तिला दिसल्या. घडी घातली आणि गेल्या.

बसला त्या दिवशी गर्दी होती. मधले तीन-चार महिने ती मुद्दाम मागच्या दाराने चढत होती, सातवा आठवा चुकवायला. आज चुकलं. डब्याची बाई समोरच. ती बाई तिच्या तोंडाकडे, मग पोटाकडे, मग पुन्हा तोंडाकडे बघत राहिली.

"अगंबाई! झालं?"

सगळी बस ऐकत होती. 'तसं नव्हतंच हो' हे सांगायला पुष्कळ वेळ लागला असता, आणि खरं तर ते खोटंही झालं असतं.

"झाली," ती म्हणाली. "मुलगी."

"मुलगी! मी म्हटलं होतं ना, मुलगीच असणार. आणि लगेच हिंडतेस? नॉर्मल?"

"सिझर."

"मग वेड लागलंय का तुला? टाके ओले असतील!"

"वाळले," ती म्हणाली.

"वाळले कसले वाळतात इतक्यात! माझं ऐक. दोन महिने वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, हात वर न्यायचा नाही. आणि तिथे अजिबात हात लावायचा नाही. कळलं का? कुणी सांगत नाही गं हे सगळं."

"सांगतात हो," ती म्हणाली, "सगळे सांगतात." बसने गचका दिला. तिने हात वर केला, सगळ्यात वरच्या दांड्याला धरलं, आणि उजव्या कुशीत जे थोडं ओढलं ते ओढू दिलं. बाईने कपाळावर हात मारून घेतला.